अडीच गुंठे आणि बटाट्याचा वरंबा

आज बटाट्याविषयी बोलायचे आहे, पण पाककृती सांगायची नाही. आयर्लंड आणि इंग्लंड या दोन शेजारी देशांतल्या गरीब माणसांची ही हकीकत आहे. त्यांच्या वाट्याला जमीन आली ती थोडी, वाईट आणि परक्याची. तिच्यात त्यांनी बटाटा कसा काढला, आणि मशागत करून जमीन सुधारल्यावर ती कोणाच्या हातात राहिली, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या घरचेच आहे. आपल्यातले किती तरी गट दुसऱ्याची जमीन घेऊन भाजी करतात. कुठे खंडाने म्हणतात, कुठे बटईने, कुठे ठोक्याने. आणि गटाला मिळते ती जमीन बहुधा उरलेली असते. चोपण, मुरमाड, नाहीतर पावसाळाभर पाणी धरून बसणारी. चांगली काळी कसदार जमीन कोणी बायकांच्या गटाला सहज देत नाही.

आधी बटाट्याची ओळख. हे पीक दक्षिण अमेरिकेतले. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे मोठे तळे आहे. त्या उंच, थंड मुलखातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी रानटी बटाटा माणसाळवला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगिजांनी आणला आणि येताना नावही तेच घेऊन आला. हिंदी मुलखात तो आलू झाला, आपल्याकडे पोर्तुगीज शब्दच राहिला. परदेशातून आलेला हा पाहुणा आपल्या उपवासालाही चालतो, हे कोणी ठरवले कोण जाणे.

बटाटा म्हणजे मूळ नव्हे. जमिनीखाली वाढणाऱ्या खोडाचे टोक फुगून तो होतो. फुगायला त्याला भुसभुशीत जागा लागते. माती घट्ट असली तर तो वेडावाकडा आणि बारीक राहतो. पाणी साचले तर सडतो. मातीबाहेर उघडा पडला, ऊन लागले, तर हिरवा पडतो, आणि असा हिरवा भाग विषारी असतो, तो खाऊ नये. म्हणजे खरे तर याला रेताड पोयट्याची उत्तम जमीन हवी. पण इतिहासात त्याच्या वाट्याला आली ती नेमकी उलटी. चांगल्या जमिनीत धनी लोक गहू आणि ओट पिकवत होते, गुरे चारत होते. मजुराला मिळाला तो डोंगरउतार आणि दलदल.

आयर्लंडचा पश्चिम भाग बघा. तिथे पाऊस बाराही महिने. जमीन स्पंजासारखी ओली, काळपट, आंबट. नांगर घातला तर बैल रुतावा किंवा फाळ दगडावर आपटावा. आणि मजुराकडे नांगर तरी कुठला? त्याच्याकडे होते एक लांब दांड्याचे अरुंद फावडे. त्या फावड्यावर तिथल्या लोकांनी जी पद्धत बसवली तिला इंग्रजीत ‘लेझी बेड’ म्हणतात. म्हणजे आळशी वाफा. वाफ्याखालची जमीन खणत नाहीत म्हणून हे नाव पडले. बाहेरून आलेल्या साहेबांनी त्यावरून आयरिश माणूसच आळशी ठरवून टाकला. ज्याने तो वाफा कधी घातला नाही, त्यालाच असे म्हणणे सुचेल.

कारण काम कसे होते ते ऐका. उतारावर वरून खाली असा तीन-चार फूट रुंदीचा पट्टा आखायचा. त्यातले गवत काढायचे नाही. गवतावरच शेणखत पसरायचे. समुद्र जवळ असेल तर लाटांबरोबर आलेले शेवाळ टोपल्यांनी वाहून आणायचे आणि तेही पसरायचे. त्यावर बटाट्याचे बेणे मांडायचे. बेणे कापायचे काम बहुतेक बायकांचे. प्रत्येक फोडीला डोळा राहील असे बघून कापावे लागे. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चर खणायचे आणि चरातून निघालेली गवतासकट ढेकळे उलटी करून, गवत खाली आणि माती वर अशी, बेण्यावर पालथी घालायची. रोप वर आले की चरातली आणखी माती उपसून त्याला भर द्यायची. पुढे पुन्हा एकदा.

आता यात काय काय साधले बघा. बेणे पाण्याच्या पातळीच्या वर राहिले. चरांतून पाणी उतारावरून खाली निघून गेले. खालचे गवत आणि वरचे पालथे गवत मधे खतासकट कुजले, म्हणजे पिकाला ऊब मिळाली आणि अन्नही. ज्या ठिकाणी मातीचा थर चार बोटे होता तिथे दोन्ही बाजूंची माती एकत्र येऊन तो दुप्पट झाला. आपण ज्याला सरी-वरंबा म्हणतो त्याचाच हा थोरला भाऊ. नांगर नसलेल्या माणसाने नांगराची जमीन नसलेल्या ठिकाणी काढलेली ही युक्ती आहे, आणि आमच्या मते ती शेतीच्या मोठ्या शोधांत धरायला हवी.

आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात अरान नावाची तीन लहान बेटे आहेत. तिथे तर सगळा चुनखडीचा उघडा खडक. माती नाहीच. तिथल्या लोकांनी खडकाच्या भेगा दगडगोट्यांनी बुजवल्या, वर वाळू आणि शेवाळाचे थर घातले, सापटीत सापडेल ती मूठ-मूठ माती गोळा करून टाकली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून भोवती दगडी गडगे रचले. अशी शेते हाताने तयार केली आणि त्यांत बटाटा लावला. १९३४ सालच्या ‘मॅन ऑफ अरान’ या चित्रपटात पाठीवर शेवाळ वाहून नेणारी बाई दाखवली आहे. नाव पुरुषाचे, ओझे बाईच्या पाठीवर. यावर आम्ही अधिक बोलत नाही, तुम्ही समजून घ्याल.

मग या मेहनतीचे फळ कोणाला मिळाले? इथे गोष्ट वाईट वळण घेते. आयर्लंडमधली बहुतेक जमीन थोड्या जमीनदारांची होती. मजुराला बटाट्यापुरता तुकडा मिळे तो एका हंगामासाठी, फार तर अकरा महिन्यांसाठी. त्या व्यवहाराला ‘कोनेकर’ म्हणत. भाडे जबर, आणि ते बहुधा मालकाच्या शेतात राबून फेडायचे. पुष्कळदा मालक म्हणे, खत तुझे असेल तर जमीन या हंगामाला फुकट घे. ऐकायला उदार वाटते. पण मजूर पडीक रानात खत घाली, चर काढी, दगड वेची, बटाटा काढी. आणि पुढच्या वर्षी त्या तयार झालेल्या जमिनीत मालक गहू किंवा ओट पेरी. मजुराला पुन्हा नवे पडीक रान. जमीन सुधारत गेली आणि सुधारणारा जिथल्या तिथे राहिला.

दोन-अडीचशे वर्षांत बटाट्याने आयर्लंडच्या गरिबाला जगवले यात शंका नाही. एका एकरात एका कुटुंबाचे वर्षाचे बहुतेक महिने निघत. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. सोबत ताक असेल तर जेवण पुरे. उन्हाळ्यात जुने बटाटे संपून नवे येईपर्यंतचे एक-दोन महिने मात्र उपासमारीचे. एकोणिसाव्या शतकात सुमारे ३० लाख माणसे जवळजवळ बटाट्यावरच जगत होती. आणि त्यांतले बहुतेक एकच जात लावत होते, तिचे नाव लंपर. चवीला पांचट, पण कसलीही भिकार जमीन असो, थोडे खत असो, पीक भरपूर. ज्याच्याकडे तुकडा लहान आणि माती वाईट, तो दुसरे काय लावणार?

१८४५ सालच्या पावसाळी हवेत करपा आला. टोमॅटो-बटाटा करणाऱ्या मैत्रिणींना उशिरा येणारा करपा माहीत आहे, तोच हा. पानांवर काळे डाग, दोन-चार दिवसांत सगळे रान काळे, आणि जमिनीतले बटाटे सडून दुर्गंधी. पहिल्या वर्षी पिकाचा मोठा हिस्सा गेला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळेच गेले. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण लावायला बेणेच उरले नव्हते. भुकेपोटी लोकांनी ते खाऊन टाकले होते. बियाण्याच्या कणगीला हात लावायची वेळ येणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको.

या करप्यावर तेव्हा औषध नव्हते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी वापरात आले ते १८८५ च्या सुमारास, चाळीस वर्षे उशिरा. पण सगळा दोष रोगाला देऊन चालणार नाही. तो युरोपात इतरत्रही पसरला होता, मात्र आयर्लंडइतकी माणसे कुठेच मेली नाहीत. दुष्काळाच्या त्या वर्षांत आयर्लंडमधून धान्य, लोणी आणि गुरे बाहेर जातच होती. आणि १८४७ मध्ये सरकारने मदतीच्या कायद्यात एक कलम घातले. विल्यम ग्रेगरी नावाच्या खासदाराने ते सुचवले होते. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. अकरा गुंठे कसणाऱ्याने एक तर उपाशी मरावे, नाहीतर जमीन सोडून द्यावी. कित्येकांनी जमीन सोडली. सोडली की जमीनदाराची माणसे येऊन झोपडीचे छप्पर काढत.

सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८२ लाखांच्या आसपास असलेली वस्ती १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. पश्चिम आयर्लंडच्या डोंगरांवर त्या काळी घातलेले वरंबे अजून दिसतात. वर गवत वाढले आहे, पण रेघा तशाच आहेत.

आता शेजारच्या इंग्लंडमध्ये जाऊ. तिथल्या मजुराची कथा वेगळी, पण सुरुवात तितकीच वाईट. पूर्वी तिथे गावोगाव सामाईक राने होती, आपल्या गायरानासारखी. गरिबाची गाय तिथे चरे, बायका सरपण आणत, सुगीनंतर शेतात सरवा वेचत. मग ही राने कुंपण घालून खाजगी करण्याचे कायदे होत गेले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. गाय गेली, सरपण गेले, उरली ती मजुरी.

१८३० मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या. मोठ्या लोकांना धास्ती पडली. मग पुष्कळ जमीनदारांनी आणि पाद्र्यांनी मजुरांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने द्यायला सुरुवात केली. हीच अलॉटमेंट. पण अटी बघा. नांगर वापरायचा नाही, फावड्यानेच खणायचे. रविवारी काम बंद, चर्चला जायचे. गुन्हा केला तर तुकडा गेला. काही ठिकाणी तर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तिथे काम करायला मनाई. तो वेळ मालकाचा. बड्या शेतकऱ्यांची तक्रार अशी की, मजूर स्वतःच्या तुकड्यात दमून येतात आणि आमच्याकडे काम कमी करतात. खरी भीती वेगळी असावी. घरात बटाटे असलेला माणूस पडेल त्या मजुरीला कामाला येत नाही. मनाईच्या त्या वेळात तुकड्याची निंदणी-खुरपणी कोण करत असेल, हे तुम्हीच ओळखा. नवरे कामावर गेले की बायका-पोरे तिकडे असत.

दया म्हणून मिळालेली ही जमीन हळूहळू हक्काची झाली, आणि त्याला बरीच वर्षे लागली. शेतमजुरांना १८८४ साली मताचा अधिकार मिळाला आणि लगेच १८८७ मध्ये अलॉटमेंटचा कायदा झाला. हा योगायोग नव्हे. १९०८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलवर जबाबदारीच टाकली. सहा करदात्यांनी किंवा मतदारांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला तिची दखल घ्यावी लागते. हे कलम इंग्लंडमध्ये आजही लागू आहे. सहा जण म्हणजे आपल्या बचत गटाच्या निम्मेच.

तुकड्याचे माप ठरून गेले दहा रॉड. त्यांच्या एकरात १६० रॉड, आपल्या एकरात ४० गुंठे; म्हणजे दहा रॉड बरोबर अडीच गुंठे. आणि जमीन? लंडनच्या आसपास तर सगळी चिकणमाती. ओली असताना फावड्याला चिकटते, सुकली की विटेसारखी होते आणि भेगाळते. आपल्या भारी काळ्या जमिनीचीच बहीण. अशी जमीन ओळखायची सोपी खूण आहे. मूठभर ओली माती हातात घेऊन वळायची. लांब वळी न तुटता झाली, तर माती चिकण समजा.

अलॉटमेंटवाले ती माती हिवाळ्याच्या तोंडाला खणून मोठी ढेकळे तशीच उघडी टाकत. ढेकळांत शिरलेले पाणी गोठून फुगे आणि ढेकूळ आतून फुटे. आपल्याकडे हेच काम उन्हाळा करतो. नांगरट तापते आणि वळवाच्या सरीने ढेकळे विरघळतात. मग चरात पालापाचोळा, कुजलेला कडबा, शेणखत घालून वर वरंबा चढवत. चुना मात्र बटाट्याआधी घालत नसत. चुन्याने सालीवर खवले येतात. ओल्या मातीत पाय द्यायचा नाही, हा नियम तर प्रत्येक जुना माणूस नव्याला सांगे. एकदा तुडवलेली चिकणमाती पुन्हा मोकळी व्हायला वर्ष जाते. तिकडे असे म्हणतात की नव्या जमिनीत पहिल्यांदा बटाटा लावावा, तो जमीन साफ करतो. आम्हाला यात बटाट्याचे कौतुक जरा जास्त वाटते. साफ करते ती खणणी, दोनदा दिलेली मातीची भर आणि काढणीची उकरणी. नाव बटाट्याचे होते.

दोन महायुद्धांनी या तुकड्यांचे दिवस पालटले. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवू लागल्या आणि सरकारला अडीच गुंठ्यांची किंमत कळली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अलॉटमेंटची संख्या सुमारे १५ लाखांवर गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ च्या शरदात, ‘विजयासाठी खणा’ अशी मोहीम निघाली. बागा, मैदाने, लंडनच्या टॉवरचा कोरडा खंदक, सगळीकडे भाजी लागली. लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीत तर बॉम्बने पडलेल्या घरांच्या जागी विटा-काचा वेचून, माती चाळून लोकांनी वाफे केले. याहून अवघड जमीन कोणती असणार? पुरुष लढाईवर, म्हणून पुष्कळ तुकडे बायकांनी सांभाळले. शेतावर कामाला गेलेल्या स्त्रियांची वेगळी सेना होती, तिच्यात ऐन भरात ८०,००० हून जास्त बाया होत्या. त्या युद्धात ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मांस सगळे मापून मिळे; बटाट्यावर मात्र रेशन लावावे लागले नाही.

अडचणी आल्याच. हिरवळ मोडून केलेल्या नव्या जमिनीत तारेसारखी कडक पिवळी अळी निघे आणि बटाटे पोखरी. त्यावर उपाय म्हणजे वारंवार खणून ती पाखरांना उघडी करणे आणि बटाटे वेळेवर काढून घेणे. सरकारने वाटलेल्या पत्रकात ९० फूट लांब, ३० फूट रुंद तुकड्याचा नकाशाच होता. तीन भाग, तीन वर्षांचा फेरपालट. यंदा बटाटा तिथे पुढच्या वर्षी दुसरे पीक. आयर्लंडच्या मजुराला हा सल्ला कोणी दिला असता तरी तो पाळता आला नसता. फेरपालट करायला तीच जमीन तीन वर्षे हातात असावी लागते.

आणि शेवटी त्या कागदाविषयी. १९२२ च्या अलॉटमेंट कायद्यात दोन गोष्टी आल्या. जमीन परत घ्यायची असेल, तर ठरलेल्या प्रसंगी उभ्या पिकाची भरपाई द्यायची, आणि मातीत घातलेल्या खताचीही. खताची भरपाई! कोनेकरवर राबलेल्या माणसाला हे स्वप्नातही सुचले नसते. दुसरी गोष्ट नोटिशीची. आधी ती सहा महिन्यांची होती, १९५० मध्ये बारा महिन्यांची झाली. आणि कायदा सांगतो की नोटिशीची मुदत ६ एप्रिलच्या आत किंवा २९ सप्टेंबरनंतर संपली पाहिजे. म्हणजे लावणीपासून काढणीपर्यंत, पीक उभे असताना, जमीन सोडायला सांगता येत नाही.

आपल्या गटाने घेतलेल्या जमिनीचा कागद किती महिन्यांचा आहे, पीक उभे असताना मालकाने जमीन मागितली तर काय करायचे, आणि गाडीभर शेणखत घातले त्याचे काय, याविषयी त्यात एखादी ओळ आहे का, हे येत्या बैठकीत कागद काढून मोठ्याने वाचून बघा. कागदच नसेल तर पुढच्या हंगामाच्या लावणीआधी तो करून घ्या.